तिसऱ्या मजल्यावरचं दार

"हे खिळे कुणी ठोकले?" वारसा जतन खात्याच्या अधिकाऱ्याने विचारलं.

वखारीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराबाहेर ना जिना होता, ना सज्जा. थेट खाली फरसबंदी. वखार चालू होती तेव्हा छपराखालच्या कप्पीवरून गाठोडी वर यायची आणि या दारातून आत ओढली जायची. दीडशे वर्षांचं सागवान. त्यात कुणीतरी नवेकोरे खिळे वेडेवाकडे ठोकले होते. निम्मे वाकलेले, आणि लाकडावर सगळीकडे हातोडीचे वण.

खाटेवर आंधळा म्हातारा बसला होता. शेजारी उभ्या मुलीचं मनगट त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं.

"वडील पडू नयेत म्हणून ना, ताई?"

"दुसरं काय असणार?" मुलगी म्हणाली.

अधिकाऱ्याचा या वखारीवर जीव होता. इथले ओतीव लोखंडी खांब पोकळ होते, छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्या पोटातून खाली जायचं. त्यांच्यावर विटांच्या कमानी तोललेल्या. ही इमारत संरक्षित व्हावी म्हणून त्याने किती उंबरठे झिजवले होते. मेलेल्या व्यापाऱ्याच्या वखारीची एवढी काळजी, जिवंत माणसाची कोण करतो, असं कचेरीतले लोक त्याला चिडवत.

जिवंत माणसं इथे दोनच होती. जन्मभर कप्पी चालवलेला हा म्हातारा, आणि नवरा व मूल एकाच अपघातात गमावून महिन्यापूर्वी परत आलेली त्याची मुलगी.

"खिळे काढावे लागतील. लाकूड फाटतंय."

"राहू द्या हो," म्हातारा म्हणाला. "हात जोडतो."

"अहो आजोबा, आतून लोखंडी अडसर बसवतो ना. इतका जड, की तुम्हाला उचलणारच नाही."

"मला नाही उचलणार," म्हातारा पुटपुटला. पण हेका काही सोडेना.

"बाबा, साहेबांना त्यांचं काम करू द्या," मुलगी शांतपणे म्हणाली. "मी आहे ना."

अधिकाऱ्याने खोलीभर नजर फिरवली. खाटेपासून मोरीपर्यंत दोरी बांधलेली, आंधळ्याने धरून जावं म्हणून. सकाळच्या औषधाच्या बाटलीला रबर गुंडाळलेलं, म्हणजे हाताला कळावं.

"समोरच्या वहिनी उद्यापासून डबा आणतील," ती म्हणाली. "तेवढं एक राहिलं होतं."

स्वतःचं दुःख गिळून बापाचं इतकं करणारी लेक मिळायला भाग्य लागतं, असं अधिकाऱ्याला वाटलं.

अडसर घेऊन सोबत आलेल्या सुताराने पहिला खिळा उपटला आणि धूळ उडाली. "चला आजोबा, आपण खाली बसू."

म्हातारा मनगट सोडेना. मुलीने त्याचं एकेक बोट हळूच सोडवलं आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"तूही चल."

"सुतारदादांना पाणी कोण देणार? जा तुम्ही."

जिना अरुंद होता. अधिकाऱ्याला दोनदा ठेच लागली. म्हाताऱ्याचा पाय एकदाही चुकला नाही.

खाली म्हातारा खांबाला टेकला. पोटच्या पोरीबद्दल परक्या माणसाला काय सांगणार? शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, तिला खाली बोलवा."

"येतील हो. घाई काय आहे?"

थोड्या वेळाने सुतारच खाली आला, मूठभर वाकडे खिळे घेऊन. "झालं, साहेब. अडसरही ठेवलाय तिथे. ताई म्हणाल्या, मी लावते, तुम्ही जा."

वर, फार वर, जुन्या बिजागऱ्या करकरल्या.

"ऐकलंत? अजून चालतात!" अधिकारी हरखून म्हणाला. "आणि आता तुम्ही पडायची भीती नाही."

"मी कशाला पडतोय? जन्म गेला माझा त्या दारात!" म्हातारा जिन्याकडे धावत ओरडला. "पळा साहेब! खिळे मी ठोकले होते, तिच्यासाठी!"