डॉक्टरसाहेबांची गाडी

"चावी देता ना, मॅडम?" त्याने दुसऱ्यांदा विचारलं. "डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय. गाडी गॅरेजला न्यायचीय. ब्रेक वाजतात म्हणाले."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. समोर निळ्या डगल्यातला, तिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस उभा होता. डगल्याच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून त्यांनी शेडकडे पाहिलं. लाल गाडी जागच्या जागी होती, दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी जमिनीला चिकटून.

"साहेब स्वतः म्हणाले?"

"सकाळीच फोन आला त्यांचा."

"मग झालंच की. पण एवढ्याशा कामाला गॅरेज कशाला? सामान सगळं आहे इथे. इथेच उघडून बघ. झालं की हवी तेवढी लांब चक्कर मारून ये, ब्रेक तपासायला."

तो घुटमळला. 'लांब चक्कर' हे शब्द मात्र त्याला आवडलेले दिसले. "चालेल," तो म्हणाला.

"थांब, हातमोजे आणते."

हातमोजे सापडायला जरा वेळ लागला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्याने जॅक ओढत आणला होता आणि तो गाडीच्या नाकाखाली सारायची खटपट चालली होती. जॅक काही आत शिरेना. त्याने वाकून जोर लावला.

"अरे, अरे! नाक तुटेल तिचं!" बाई धावल्या. त्यांनी जॅक मागे ओढला. "नवीन दिसतोस."

"नवीनच आहे, मॅडम."

"मग शिकून घे. ही गाडी बसकी. आधी तिला फळ्यांवर चढवायची, मग जॅकला जागा होते."

त्यांनी पुढच्या चाकांसमोर दोन रुंद फळ्या ठेवल्या. तो चावीसाठी हात पुढे करून उभा राहिला, पण बाई स्वतःच आत बसल्या. गाडी बोटभर पुढे, बोटभर पुढे करत फळ्यांवर चढली. त्यांनी हँडब्रेक ओढला, उतरल्या आणि चावी ॲप्रनच्या खिशात टाकली.

"मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव. नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही. आणि नट आत्ताच सैल कर, चाक जमिनीवर आहे तोवर. नंतर चाक नुसतं गरगर फिरत बसेल."

तो मुकाट्याने करत गेला. जॅक आत गेला तसा त्याने तो सरळ इंजिनाखाली नेला.

"ते तेलाचं भांडं आहे, बाबा! फोडतोस की काय? मधला जाड लोखंडी आडवा तुकडा दिसतोय? त्याच्याखाली. वर रबर ठेव."

गाडी हळूहळू उचलली गेली. नाक वर करून बसलेल्या नवरीसारखी दिसू लागली. बाई गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी घोड्या आणायला वळल्या आणि मागे बघतात तर काय, हा पठ्ठ्या डोकं गाडीखाली घालून मोकळा!

त्यांनी त्याला पाय धरून खसकन बाहेर ओढलं. तो घाबरून बघतच राहिला.

"जॅक उचलायला असतो, पेलायला नसतो! त्याच्यातलं तेल कधी दगा देईल सांगता येत नाही. तुझी आई घरी वाट बघत असेल. माझ्या शेडमध्ये कुणाचं डोकं चिरडायचं नाही. कुणाचंही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

दोन्ही बाजूंना घोड्या लागल्या. जॅक सावकाश उतरवून भार त्यांच्यावर दिला. बाईंनी गाडीला खांदा लावून दणदणीत हिसका दिला. गाडी ढिम्म.

"असं. आता मागूनही उचल. मागचे ब्रेक काय सोडायचेत?"

मागूनही गाडी घोड्यांवर गेली. घामाने त्याचा डगला एव्हाना अंगाला चिकटला होता. एकेक चाक निघालं. बाईंनी नट मागून घेतले, "हरवतात मेले," म्हणत खिशात टाकले. दोन चाकं त्यांनी गाडीखाली कडेला आडवी सरकवली, घोडीने दगा दिलाच तर आधाराला. उरलेली दोन त्या स्वतः ढकलत घरात घेऊन गेल्या.

"धुऊन ठेवते," त्या म्हणाल्या. "तू खाली जाऊन ब्रेकच्या नळ्या नीट बघ. आता बिनघोर जा."

तो उताणा होऊन खाली सरकला. काय बघायचं हे त्याला उमगत नव्हतं, पण पडल्या पडल्या तो गुणगुणू लागला. चक्कर मारायची वेळ जवळ आली होती.

फाटक वाजलं.

"कोण आलं, मॅडम?" गाडीखालून आवाज आला.

"तुझं काम बघायला आलेत."

दोन हवालदार शेडच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. त्यातल्या थोरल्याने गाडीखालून डोकावणारे बूट पाहिले आणि आवाज खाली आणला. "फोन तुम्हीच केला होतात? गाडी पळवायला आलेला हाच?"

गुणगुणणं थांबलं.

"हाच. पण दादा, गाडीला धक्का लावू नका. माणूस आहे खाली."

हवालदाराने मान डोलावली आणि घराकडे नजर टाकली. "साहेब कुठेत? गाडी डॉक्टरांची ना? तक्रार त्यांनाच द्यावी लागेल."

बाईंनी हातमोजे काढले.

"डॉक्टर मीच," त्या म्हणाल्या. "साहेब या घरात कधी नव्हतेच. मी लग्नच केलेलं नाही."