खडूची रेघ

कपाळाला भावपट्टी लावल्याशिवाय दालनात सोडतच नव्हते, म्हणून सगुणाबाईंनी ती नाइलाजाने लावून घेतली. स्वतःच्याच चित्रासमोर उभ्या राहिल्या मात्र, आणि त्यांना हुंदका फुटला.

चाळीस वर्षांपूर्वी त्या कलाशाळेत मॉडेल म्हणून बसत. चित्रातली सगुणा खाली मान घालून बसली होती. तिच्या पावलांभोवती पांढरी रेघ होती.

"नवऱ्याने टाकलेल्या बाईचं दुःख," पट्टी कानाशी सांगू लागली. "पांढरी रेघ म्हणजे समाजाने घातलेलं कुंपण."

"डोंबलाचं कुंपण," डोळे पुसत त्या दालनप्रमुख कामतबाईंवर खेकसल्या. "खडूची रेघ आहे ती. पाय अवघडले की उठायचं आणि परत त्याच जागी ठेवायचे, म्हणून चित्र काढणाऱ्या सरांनी आखलेली. आणि मान खाली घातली, कारण सरांच्या नाकाला निळा रंग लागला होता. मला हसू आवरेना. लग्नच केलं नाही मी, मला टाकणार कोण?"

"पण आजी, तुम्हीसुद्धा रडताय ना," कामतबाई समजुतीने म्हणाल्या. "चित्राची भावना तज्ज्ञांनी ठरवलीय. पट्टी फक्त ती मनात उतरवते."

सगुणाबाईंनी पट्टी ओरबाडून काढली. रडू थांबलं. चित्राकडे बघत त्यांनी ते निळं नाक आठवून पाहिलं. नाक आठवलं, पण हसू काही केल्या येईना.

मग बाकावर बसून, आपल्याला टाकून गेलेल्या त्या नवऱ्याचा चेहरा त्या आठवू लागल्या.