एक शब्द खोडून

निर्मलाताईंनी नुसतं बघायचं म्हणून तो शब्द खोडला. वधूवर सूचक मंडळाच्या वेबसाइटवर त्यांच्या लेकीच्या, ऋजुताच्या, नावाखाली ‘घटस्फोटित’ लिहिलेलं होतं. त्या जागी त्यांनी ‘अविवाहित’ टाइप केलं आणि क्षणभर लेक होती तशी परत मिळाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली: ‘बदल जतन झाला.’

ही नवी सोय ऋजुतानेच मंडळाला करून दिली होती. “आई, पानावर क्लिक करायचं आणि तिथंच लिहायचं. लिहिलेलं लगेच सगळ्यांना दिसतं, बरं का,” असं तिने बजावलंही होतं. ताईंनी मान डोलावली होती, पण लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. आता हे अख्खं मंडळ वाचणार. मंडळाच्या सेक्रेटरी म्हणून ‘स्थळाबद्दल काही लपवू नका’ असं येईल त्याला सांगत आलेल्या त्याच होत्या.

घाईघाईने त्या जुना शब्द परत लिहायला गेल्या, तर तो आपोआपच उमटू लागला. अक्षरांशेजारी एक छोटी चौकट लुकलुकत होती आणि तिच्यात नाव होतं ऋजुताचं. ऑफिसात बसून ती तेच पान दुरुस्त करत होती.

ताई फोनकडे बघत राहिल्या. फोन वाजला नाही. पडद्यावर मात्र शब्द पूर्ण झाला, आणि अक्षरं थांबली नाहीत.

‘घटस्फोटित. आईला अजून सवय व्हायची आहे.’