माटोळीवरचे शब्द

सेजल दारात आली आणि थबकली. माटोळीची चौकट रिकामी होती. एकही चिठ्ठी नव्हती.

बाबा स्टुलावर उभे होते, तोंडात केवणीच्या सालीचे दोर धरून. खाली आंबाडे, घागऱ्यांच्या शेंगा आणि सुपारीच्या घोसांच्या ढिगात आई बसली होती. उद्या चवथ. गणपतीच्या डोक्यावरची चौकट आज रानातल्या फळापानांनी भरायची, म्हणजे चिठ्ठ्या निघणारच, हे धारगळातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला घरातला सण असा अचानकच अंगावर येतो.

क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, कठीण इंग्रजी शब्द घोकू नका, टांगा. ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसाच्या गळ्यात. आणि माणसाची खोडच पकडा. गोड असतं ते विसरतं, बोचतं ते राहतं. सेजलनं ते शब्दशः घेतलं. माटोळीची लाकडी चौकट वर्षभर आढ्याखाली रिकामीच असते. तिच्यावर तिनं चौसष्ट चिठ्ठ्या दोऱ्यांनी टांगल्या. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठीत अर्थ आणि माणूस. टॅसिटर्न म्हणजे अबोल: बाबा, दिवसाला चार शब्द, त्यातला एक ‘चहा’. लोक्वेशस म्हणजे बडबडी: शेजारची बाबली, जी शिंकतानासुद्धा बोलते. पार्सिमोनिअस म्हणजे कंजूष: गोकुळदासकाका, पाव आणला की त्याचा कागद घडी करून ठेवणारे. शब्द पटापट बसले. एकच बसेना. ऑब्सीक्विअस. आठ दिवस तो सकाळी यायचा आणि दुपारी जायचा.

मग जुलैत ती आईला आणायला स्कूटरनं हरमलला गेली. आई तिथल्या एका गेस्ट हाऊसमध्ये खोल्या झाडते, चादरी बदलते. पावसातही मायदेशी न गेलेली एक गोरी म्हातारी पायरीवर उभी होती. तिनं चिखलाचे सँडल पायातूनच बाजूला सरकवले. आई वाकली, सँडल उचलले, पदरानं पुसले, आत ठेवले. आणि वर हसून आईच म्हणाली, “थँक्यू मॅडम.”

सेजलनं स्कूटर वळवून फाटकाबाहेर नेली. घरी येऊन तिनं ती चिठ्ठी काढली आणि मागे लिहिलं: लाचार, पुढेपुढे करणारी. आई. सँडल.

शब्द त्या दिवसापासून हलला नाही.

चिठ्ठ्या उंचावर होत्या. आई चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरावर बोट ठेवून वाचणारी. कामावरून दमून येते, वर कशाला बघेल, असं सेजलनं धरलं होतं. वर बघायची गरजच पडणार नाही, चिठ्ठ्याच खाली येतील, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

“बिस्किटाच्या डब्यात घातल्यात,” आई म्हणाली आणि हसायलाच लागली. बाबलीची तिनं बाबांना वाचून दाखवली होती, गोकुळदासकाकांचीही. बाबलीला यातलं काही सांगायचं नाही म्हणून तिनं बाबांना बजावलंही होतं, जसं काही बाबा सांगणार होते. स्टुलावरून बाबा दोर दातांत धरूनच हसले.

सेजल डबा घेऊन आतल्या खोलीत गेली. त्रेसष्ट. पुन्हा मोजल्या. त्रेसष्ट. कुठली नाही, हे बघायची गरज नव्हती, तरी तिनं एकेक उलटून पाहिली. डब्याखाली, चटईखाली, दाराच्या फटीत. बाहेरून आईची हाक आली, कवंडळ आणि बाकीची फळं वर द्यायला हात हवा होता.

ती गेली. आई एकेक फळ तिच्या हातात देत होती आणि दरवर्षीसारखी सांगत होती. तिला माटोळीतल्या शंभरेक वस्तूंची नावं तोंडपाठ, आणि प्रत्येकीबरोबर एक माणूस. घागऱ्या सुर्ल्याच्या शांतामावशीनं दाखवल्या, लग्नाच्या पहिल्या वर्षी, खाणीच्या रस्त्याकडेला. आंबाडे महादेव भाटकारानं स्वतःच्या झाडाचे दिले, न मागता. कुणी काय दिलं, एवढंच आईच्या लक्षात राहायचं.

“आणि ह्यां कवंडळ,” नारिंगी फळ दिव्याशी धरत आई म्हणाली, “आमच्या त्या म्हाताऱ्या मॅडमनी शोधलां. कुंपणार वेल होती, माका कधी दिसली नाय. तिच्या कमरेत सळई घातलेली आसा, बाय. वाकूक जमणा नाय. पण नजर बघ कशी.”

सेजलनं कवंडळ घेतलं आणि हातातच धरून ठेवलं. बाबांनी वाकून ते काढून घेतलं, चौकटीच्या मधोमध बांधलं आणि चार शब्दांपैकी एक खर्च केला: “बरां.”

ते हात धुवायला विहिरीकडे गेले. आई घागऱ्यांची जुडी बांधत होती. शेंगा हलल्या की आतल्या बिया खुळखुळायच्या. सेजल तिच्यासमोर बसली. बोलायला तोंड उघडेपर्यंत तिनं तीन घागऱ्या चुरगाळल्या.

“आई, एक चिठ्ठी कमी आहे.”

आईनं मान वर केली नाही. गाठ घट्ट ओढली, उरलेला दोर दातांनी तोडला.

“ती माझ्याकडे आसा. बाकीचे शब्द पाठ कर, बाय. ह्यो एक आता तुका पाठ करूक नको.”