सांभाळणाऱ्याचं नाव

तिने यादीतली सातवी ओळ पुसली आणि अ‍ॅड-ऑन पुन्हा चालवलं. स्पीकरमधून आवाज आला, "साडेतीन अधिक पावणेदोन बरोबर सव्वापाच."

म्हणजे काहीच अडलं नव्हतं. तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

अंध मुलांना गणितं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचं हे अ‍ॅड-ऑन आज चार वाजेपर्यंत पाठवायचं होतं. त्याला बाहेरच्या लोकांनी लिहिलेली जी तयार पॅकेजं लागतात ती सगळी यादीत लिहायची आणि प्रत्येकाला सांभाळणारं माणूस हवं, असा नियम. सातवं पॅकेज, आकडे मराठीत बोलणारं, तिच्या दादाने लिहिलेलं. अजून सांभाळता का, असं विचारणारी तीन स्मरणपत्रं त्याला गेली होती. दादा जाऊन आठ महिने झाले होते, तो कुठून उत्तर देणार?

"त्याच्याशिवाय चाललं," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचे सर एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. दुधाने तोंड पोळलेला माणूस. त्यांनी कोरं मशीन पुढे ओढलं, त्यावर तेच अ‍ॅड-ऑन टाकलं. पहिल्याच आकड्याला ते बंद पडलं.

"घ्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," सर म्हणाले. "अगं, तुझ्या मशीनमध्ये ते पॅकेज आधीपासून बसवलेलं आहे. तुझ्याकडे चालणारच. मुलांकडे कुठून येणार?" मग यादीकडे बघत, "दुसरं एक आहे, ते घालू. साडेतीनला 'तीन पॉइंट पाच' म्हणेल, एवढंच."

"नको. हेच ठेवू. मी सांभाळते."

तिने पुसलेली ओळ परत घातली. फॉर्म उघडून सांभाळणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. आधीच्या माणसाची संमती मागणारा मेल आपोआप गेला.

थोड्या वेळाने घरून आईचा फोन आला.

"अगं, दादाच्या फोनवर काहीतरी आलंय. तुझं नाव आहे त्यात. खाली 'हो' आणि 'नाही' असं आहे."

"हो दाब."

 आई म्हणाली, "हो दाबलं की त्याचं नाव जाईल का गं?"

"जाईल."

आता आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. पावणेचार वाजले होते आणि सर तिच्याकडे न बघता कोरं मशीन पुसत बसले होते.

"दाबलं," आई म्हणाली. "ठेवते मी. त्याच्या फोनची बॅटरी उतरलीय, चार्जिंगला लावायचाय."