हिरव्या दोऱ्याची गाठ

शिंपीकाम सोडल्यापासून बाबा रोज संध्याकाळी लेकीला फोन करायचे. "माझी लांबट टोमॅटोची रोपं कमरेएवढी झाली. तुझी गोल जात काय म्हणते?" ती ठोकून द्यायची, "फळांनी लगडलीय, बाबा!" तिच्या गॅलरीत खरं तर एकच रोप कसाबसा जीव धरून होतं. आज बाबा न कळवताच येऊन थडकले. त्यांचा चहा संपेपर्यंत तिने बाजारातले चार टोमॅटो हिरव्या दोऱ्याने फांद्यांना बांधले. बाबांनी चष्मा सारखा करून एक टोमॅटो हळूच फिरवला. "दोऱ्याचा रंग झकास जुळवलास. गाठ मात्र अजून ढिलीच मारतेस." ती ओशाळली. बाबांनी स्वतःच गाठ आवळली. "माझी रोपं पहिल्याच आठवड्यात गेली गं. पण रोज फोन करायला काहीतरी निमित्त नको?" निघताना दारात वळून म्हणाले, "उद्या फोन करतो. तोवर माझी रोपं खांद्याएवढी होतील."