कारखान्यातलं बालपण

बुसानच्या टेकडीवरच्या पत्र्याच्या खोपटात वाढलेला यांग दल-हो देशाचा मजूरमंत्री झाला. "बाराव्या वर्षी शाळा सोडून मी बुटांच्या कारखान्यात लागलो," असं तो प्रत्येक सभेत सांगायचा आणि लोक डोळे पुसायचे. खरं तर कारखान्यात गेली होती त्याची थोरली बहीण मालजा, आणि तिच्या पगारावर तो शिकला होता. पहिल्याच सभेत बोलण्याच्या भरात तो ते स्वतःच्या नावावर सांगून बसला. टाळ्या इतक्या पडल्या की पुढे शब्द मागे घ्यायला जीभ रेटेना.

नेमणुकीच्या दिवशी टीव्हीवाले थेट मालजाच्या मासळीच्या गाळ्यावर पोचले. राजधानी सोलमधल्या त्याच्या कार्यालयात सगळे दल-होसोबत पडद्यासमोर जमले.

"आजी, एवढासा भाऊ कारखान्यात राबायचा, तेव्हा तुम्ही काय करत होता?" वार्ताहर मुलीने विचारलं.

यंत्रात दोन बोटं गेलेला उजवा हात मालजाने हळूच एप्रनखाली घेतला.

"मी होय? मी शाळेत जायचे, पोरी. त्याच्याच जिवावर शिकले." मग कॅमेऱ्याकडे बघून ती हसली. "दल-हो, जेवलास का रे?"

कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे वळून मंत्रीसाहेबांकडे बघू लागले.



दल-होनेही टाळ्या वाजवल्या.